नेमका क्षण, नेमका उजेड: कारखान्यातल्या कॅमेऱ्यांच्या १७ भन्नाट गोष्टी

मोठ्या बॉटलिंग प्लँटमध्ये मिनिटाला ६०० बाटल्या पट्ट्यावरून धावणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे सेकंदाला १०! झाकण नीट बसलंय का, लेबल सरळ आहे का, बाटली पुरेशी भरलीय का, हे प्रत्येक बाटलीच्या बाबतीत कॅमेरा बघतो. बटण दाबायला तिथे माणूस नसतो. 'आता!' हा इशारा तारेतून येतो. त्यालाच म्हणतात ट्रिगर. लेन्स आणि मेगापिक्सेलबद्दल सगळे भरभरून बोलतात. पण फोटो कधी सुरू करायचा आणि कधी कधी तर सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा, म्हणजेच एक्स्पोजर किती, हे या इशाऱ्यावर ठरतं. इशारा चुकला तर महागातला महाग कॅमेराही रिकाम्या पट्ट्याचे सुरेख फोटो काढत बसतो. म्हणून या दुर्लक्षित तारेच्या या काही गोष्टी.

१. घोड्याने स्वतःच काढला स्वतःचा फोटो

दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांना याचं उत्तर हवं होतं. त्यांच्यासाठी छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८मध्ये पालो अल्टोच्या ट्रॅकलगत १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि ट्रॅकवर आडवे धागे ताणले. घोड्याचा पाय धाग्याला लागला की विजेच्या जोरावर त्या-त्या कॅमेऱ्याचं शटर सुटायचं. उत्तर मिळालं: हो, चारही पाय सुटतात, पण ते पोटाखाली जुळलेले असताना. पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगणारे घोडे रंगवणारे चित्रकार चुकत होते. आज धाग्याच्या जागी फोटोसेन्सरचा किरण आला आहे. युक्ती तीच आहे: ज्याचा फोटो हवा, त्यानेच इशारा द्यायचा.

२. वाघही ट्रिगर दाबतो

जंगलातला कॅमेरा ट्रॅप याच घराण्यातला. हलणाऱ्या अंगाची ऊब सेन्सरला जाणवली की क्लिक. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो निघाले. त्यांपैकी ७६,६५१ फोटो वाघांचे. गिनेस बुकात नोंद झालेल्या या मोहिमेत महाराष्ट्रातली जंगलंही होती.

३. डिंग-डाँग की टर्रर्र?

दारावरची बेल दोन तऱ्हेची असते. एक, बोट कितीही वेळ ठेवा, एकदाच डिंग-डाँग करते. दुसरी, बोट असेपर्यंत टर्रर्र वाजत राहते. औद्योगिक कॅमेऱ्यालाही एक्स्पोजरच्या या दोन तऱ्हा येतात.

पहिल्या तऱ्हेत सिग्नल शून्यावरून २४ व्होल्टवर चढला की त्या चढत्या कडेला एक्स्पोजर सुरू होतं आणि आधी ठरवून दिलेल्या वेळेनंतर, समजा २०० मायक्रोसेकंदांनी, आपोआप संपतं. सिग्नल पुढे किती वेळ वर राहिला, याच्याशी कॅमेऱ्याला कर्तव्य नाही. याला म्हणतात 'टाइम्ड'. दुसरी तऱ्हा 'ट्रिगर विड्थ'. सिग्नल वर आहे तोवर सेन्सर उजेड गोळा करत राहतो, सिग्नल पडला की थांबतो. इथे तारेवरचा सिग्नल 'कधी' आणि 'किती वेळ' या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकटाच देतो. लाइनवर कधी काळा रबरी भाग तर कधी चकचकीत धातूचा येत असेल, तर पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा कंट्रोलर, दर वेळी वेगळ्या लांबीचा पल्स पाठवून एक्स्पोजर बदलू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगला हातही लावावा लागत नाही.

ही नावं कंपनीगणिक बदलत नाहीत, हे विशेष. 'जेनआयकॅम' नावाच्या मानकाने ती ठरवून दिली आहेत आणि युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशन ते मानक सांभाळते. एका कंपनीचा कॅमेरा लावायला शिकलेला तंत्रज्ञ दुसऱ्या कंपनीच्या मेनूत हरवत नाही.

४. पाठ करून ठेवावं असं गणित

पट्टा सेकंदाला १ मीटर धावत असेल, तर वस्तू १ मिलिसेकंदात १ मिलिमीटर आणि १ मायक्रोसेकंदात १ मायक्रॉन सरकते. या एका ओळीत अर्धं काम होतं. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल वस्तूवरचा ०.१ मिलिमीटर बघतो असं धरा. चित्र पुसट व्हायला नको असेल, तर एक्स्पोजर चालू असताना वस्तू एका पिक्सेलहून जास्त सरकता कामा नये. म्हणजे एक्स्पोजर जास्तीत जास्त १०० मायक्रोसेकंद, सेकंदाचा दहा हजारावा भाग! पट्टा दुप्पट पळवला की हाच आकडा ५० वर येतो. उत्पादन वाढवायचा निर्णय झाला की कॅमेऱ्याचं गणित त्याच दिवशी नव्याने मांडावं लागतं, ते यामुळे.

५. शटर उघडंच, फोटो काढला उजेडाने

१८५१ साल, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी 'टाइम्स'चा छापील कागद चाकावर चिकटवला, चाक गरगर फिरवलं आणि अंधारात विजेची एक ठिणगी पाडली. फोटो स्थिर आला. कॅमेरा उघडाच होता. ठिणगी जेवढा वेळ चमकली, तेवढंच एक्स्पोजर.

एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी ही कल्पना कळसाला नेली. सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा त्यांचा १९६४चा फोटो जगभर गाजला. तिथे ट्रिगर होता आवाज. मायक्रोफोनने गोळीचा आवाज टिपला आणि त्या सिग्नलने फ्लॅश उडवला. फ्लॅश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकला. सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाने जाणारी गोळी तेवढ्यात जेमतेम मिलिमीटरभर सरकते. म्हणून ती फोटोत हवेत थांबलेली दिसते.

आजच्या कारखान्यात ठिणगीचं काम एलईडी स्ट्रोब करतो. एक्स्पोजर सुरू झालं की कॅमेरा स्वतःच एक सिग्नल बाहेर सोडतो आणि त्यावर दिवा लागतो. दिवा क्षणभरच लागत असल्याने त्यातून नेहमीच्या कैक पट करंट सोडता येतो. दोन चमकांच्या मध्ये तो थंड होतो आणि टिकतो. सतत पेटलेल्या दिव्याने जो उजेड कधीच मिळाला नसता, तो या क्षणात मिळतो.

६. कमी वेळ, जास्त कण-कण

एक्स्पोजर हवं तितकं छोटं करून का भागत नाही? कारण उजेडही मोजून-मापूनच येतो. एका पिक्सेलमध्ये १०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर निसर्गतःच त्यात सुमारे १०० इतका चढ-उतार असतो, म्हणजे १ टक्का. १००च जमले, तर चढ-उतार १०चा, म्हणजे थेट १० टक्के! चित्र खसखशीत दिसू लागतं आणि बारीक ओरखडा त्यात हरवतो. एक्स्पोजर दहापट कापलं, तर उजेड दहापट वाढवा. या व्यवहारात सूट मिळत नाही.

७. उशीर चालतो, लहर चालत नाही

ट्रिगर आला आणि एक्स्पोजर सुरू झालं, या दोन्हींमध्ये थोडा उशीर होतोच. तो दर वेळी सारखाच असेल, तर बिनधास्त राहा. वस्तू दर वेळी तेवढीच पुढे गेलेली असेल, आणि पट्ट्याजवळचा फोटोसेन्सर थोडा सरकवला की काम झालं. खरा त्रास उशीर बदलत राहिला की होतो. त्याला म्हणतात जिटर. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने 'क्लिक' म्हटलं, तर मध्येच ऑपरेटिंग सिस्टिमला दुसरं काम आठवू शकतं आणि कधी १ तर कधी १० मिलिसेकंद जातात. सेकंदाला १ मीटर धावणाऱ्या पट्ट्यावर हा ९ मिलिमीटरचा गोंधळ झाला. थेट तारेने आलेल्या हार्डवेअर ट्रिगरचं जिटर मायक्रोसेकंदांत मोजतात. टेबलावरच्या स्थिर वस्तूला सॉफ्टवेअर ट्रिगर उत्तम. धावत्या वस्तूला तारच हवी.

८. ऑसिलोस्कोपवर दिसणारी चोरटी भर

कंट्रोल पॅनल उघडा. पीएलसीच्या आउटपुटवरून निघालेली वायर कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या गोल कनेक्टरमध्ये जाते. पट्ट्याजवळच्या फोटोसेन्सरवरचा नारिंगी दिवा प्रत्येक खोक्याबरोबर लुकलुकतो. आता ऑसिलोस्कोपचा एक प्रोब ट्रिगरच्या वायरला लावा आणि दुसरा कॅमेऱ्याच्या 'एक्स्पोजर ॲक्टिव्ह' आउटपुटला. पडद्यावर ट्रिगरची पिवळी रेघ उभी चढते, एक्स्पोजरची निळी तिच्या मागोमाग काही मायक्रोसेकंदांनी. इथवर ठीक. पण 'ट्रिगर विड्थ'मध्ये रेघा खाली येताना बघा. पिवळी पडली तरी निळी रेंगाळते!

हे काम ऑप्टोकप्लरचं. कारखान्यात मोटर चालू-बंद होताना विजेचे झटके बसतात. ते कॅमेऱ्यात शिरू नयेत म्हणून सिग्नल आतल्या आत आधी उजेडात बदलतात आणि पलीकडे पुन्हा विजेत. हा भाग चालू व्हायला चपळ, बंद व्हायला मंद. त्यामुळे एक्स्पोजर मागितल्यापेक्षा थोडं लांबतं. मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते जाणवतही नाही. २० मायक्रोसेकंद हवे असतील, तर मात्र हीच भर चित्र पांढरंफटक करून टाकते.

९. एकदा दाबलं, पाचदा वाजलं

साधा लिमिट स्विच बंद होताना त्याचे पत्रे काही मिलिसेकंद एकमेकांवर उड्या मारतात. माणसाला एक 'टक्' ऐकू येतो, कॅमेऱ्याला चार-पाच ट्रिगर दिसतात. उपाय म्हणजे डिबाउन्स: सिग्नल ठरावीक वेळ स्थिर राहिला तरच तो खरा मानायचा. मात्र तेवढा वेळ कॅमेरा थांबणार, हे हिशेबात धरावं लागतं.

१०. एक ट्रिगर हरवला, पूर्ण रांग चुकली

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२३पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. हे कोड वाचता येण्यासारखे छापले गेलेत का, हे लाइनवर कॅमेरे तपासतात. मिनिटाला ३०० खोकी जात असतील, तर एका खोक्याच्या वाट्याला २०० मिलिसेकंद येतात. एक्स्पोजर २०० मायक्रोसेकंदांचं धरलं, तर तो या वेळेचा फक्त हजारावा भाग. बाकीच्या वेळेत चित्र सेन्सरवरून उतरवायचं, कोड वाचायचा आणि खोकं वाईट असेल तर पुढच्या टप्प्यावर हवेच्या फुंकरीने बाजूला काढायचं.

आता समजा, दोन खोकी एकमेकांना चिकटून आली. पहिल्याचं काम संपायच्या आत दुसरा ट्रिगर आला, तर कॅमेरा तो सरळ सोडून देतो. इकडे पीएलसी मोजतो ५०० खोकी, तिकडे कॅमेरा ४९९ फोटो. इथून पुढे प्रत्येक निकाल एक घर सरकतो. चांगलं खोकं फेकलं जातं आणि खराब खोकं आरामात पुढे जातं. म्हणून चांगला कॅमेरा हुकलेल्या ट्रिगरचीही नोंद ठेवतो आणि चांगला इंजिनिअर ते दोन आकडे रोज जुळवून बघतो. औषध घेणाऱ्या माणसाची सुरक्षितता अशा बारीक जुळवणीवर उभी असते.

११. घड्याळ बाजूला ठेवा, अंतर मोजा

काही कॅमेऱ्यांमध्ये पिक्सेलची एकच रांग असते. त्यांना म्हणतात लाइन स्कॅन. कापड, कागद, पत्रा अशा न संपणाऱ्या वस्तू ते रेघेरेघेने टिपतात आणि रेघा जोडून चित्र होतं. पण रोलर हळू झाला तर? घड्याळावर रेघा टिपल्या, तर गोल डाग लांबोळका दिसेल. म्हणून रोलरच्या शाफ्टवर एन्कोडर बसवतात. कापड ०.१ मिलिमीटर सरकलं की एक पल्स, एक पल्स म्हणजे एक रेघ. मशीन वेगात असो की थांबायला आलेलं, डाग गोलच राहतो.

यातही एक मेख आहे. एक्स्पोजर 'पुढचा पल्स येईपर्यंत' ठेवलं, तर मशीन मंदावताच रेघा उजळत जातात आणि कापडावर नसलेले पट्टे चित्रात उमटतात. रेघ कधी टिपायची ते एन्कोडर सांगेल, पण उजेड किती वेळ घ्यायचा ते वेगळं आणि पक्कं ठरवावं लागतं.

१२. ५ मिलिसेकंदांचं सुवर्णपदक

४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, पुरुषांची १०० मीटर. नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. फोटो-फिनिशचा कॅमेरा फक्त अंतिम रेषेची एक अरुंद फट बघतो, पॅरिसमध्ये तर सेकंदाला ४०,००० वेळा. म्हणजे दोन धावपटूंमधल्या ५ मिलिसेकंदांत २०० रेघा! त्या फोटोत डावीकडून उजवीकडे दिसतो तो वेळ. घड्याळ सुरू करणारा ट्रिगर? स्टार्टरची पिस्तूल.

१३. रांगा एकदम की एकामागून एक?

मोबाइलमधून पंख्याचा फोटो काढला की पाती वाकडी दिसतात, कारण सेन्सरच्या रांगा एकामागून एक उघडतात. हे रोलिंग शटर. १,००० रांगा १०-१० मायक्रोसेकंदांच्या अंतराने उघडल्या, तर पहिली आणि शेवटची यांच्यात १० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. सेकंदाला १ मीटर वेगाच्या पट्ट्यावर चौकोनी खोकं तेवढ्यात १ सेंटिमीटर कलतं. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एका इशाऱ्यावर सुरू होतात आणि एकदमच थांबतात.

हे काम आधी सीसीडी सेन्सर करायचे. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला आणि २००९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळवला. सोनीने २०१५मध्ये सीसीडीचं उत्पादन बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ग्लोबल शटरवाले सीमॉस सेन्सर तोवर तयार झाले होते. खिसा लहान असेल, तर एक जुगाड चालतो: अंधारी पेटी, रोलिंग शटर आणि सगळ्या रांगा एकाच वेळी उघड्या असतानाच उडवलेला फ्लॅश.

१४. ट्यूबलाइटची लपाछपी

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही. पण एक्स्पोजर १ मिलिसेकंदाचं असेल, तर एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा किंवा स्वतःचा जोरदार स्ट्रोब लावून ट्यूबलाइटला हिशेबातूनच काढून टाका.

१५. अर्धा चेंडू हरवला

चेंडूचा मार्ग दाखवणारी हॉक-आय यंत्रणा क्रिकेटच्या प्रक्षेपणात २००१च्या लॉर्ड्स कसोटीत पहिल्यांदा दिसली. अशा यंत्रणेत अनेक कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून चेंडू बघतात आणि त्यावरून त्याची जागा काढली जाते. आता ताशी १४० किलोमीटरचा चेंडू घ्या. तो सेकंदाला ३९ मीटर जातो. दोन कॅमेऱ्यांनी १ मिलिसेकंद पुढे-मागे फोटो काढला, तर चेंडू ३९ मिलिमीटर सरकलेला असतो. चेंडूचा व्यास जेमतेम ७२ मिलिमीटर! पायचीतचा निर्णय अर्ध्या चेंडूने हुकायचा.

कारखान्यातही रोबोला दोन कॅमेऱ्यांनी खोली दाखवायची असते. एकच तार सगळ्या कॅमेऱ्यांना देणं हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग नेटवर्कचा. 'आयईईई १५८८' या २००२च्या मानकाने प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळवता येतं आणि मग सगळ्यांना एकच निरोप जातो: अमुक वाजता, सगळ्यांनी एकदम.

१६. डाळीतला एकच काळा दाणा

लातूर, अकोला, जळगाव ही डाळमिलांची गावं. 'सॉर्टेक्स' केलेली डाळ म्हणजे काय, हे तिथल्या आडत्यांना सांगावं लागत नाही. सॉर्टेक्स मशीनच्या उतरत्या घसरगुंडीवरून दाणे धो-धो सुटतात आणि लाइन स्कॅन कॅमेरे त्यांना पडता पडता बघतात. काळा, किडका दाणा किंवा खडा दिसला की खालचा हवेचा नोझल त्याला उडवतो. कॅमेऱ्यापासून नोझल १० सेंटिमीटर खाली आणि दाण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर फुंकर बरोबर २५ मिलिसेकंदांनी सुटायला हवी. १ मिलिसेकंदाची चूक म्हणजे ४ मिलिमीटर, तूरडाळीचा जवळजवळ एक अख्खा दाणा. खडा खाली जाणार आणि शेजारची चांगली डाळ बाहेर! घरातल्या वरणात दाताखाली खडा येत नाही, त्यामागे वेळेचं हे नेमकेपण आहे.

१७. हे सगळं घरच्या टेबलावर

मार्च २०२३मध्ये रास्पबेरी पायने १.६ मेगापिक्सेलचा ग्लोबल शटर कॅमेरा आणला, तेव्हा किंमत ५० डॉलर. त्याला बाहेरून ट्रिगर देता येतो, आणि तिथे पल्सच्या लांबीनुसारच एक्स्पोजर ठरतं. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. टेबलफॅनच्या एका पात्यावर आपलं नाव लिहिलेला कागद घट्ट चिकटवा, जाळी लावूनच फॅन चालवा आणि एका फेरीला एक पल्स देणारा सेन्सर बसवा. मिनिटाला १,२०० फेऱ्या आणि २० सेंटिमीटरचं पातं असेल, तर टोक सेकंदाला २५ मीटर धावतं. १ मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये अक्षरं २५ मिलिमीटर फरफटतील, १०० मायक्रोसेकंदांत अडीच मिलिमीटर. एक्स्पोजर कमी करत जा, उजेड वाढवत जा, डिले, म्हणजे ट्रिगरनंतरचा ठरवलेला उशीर, बदलून पातं चित्रात हवं तिथे आणा. नाव स्वच्छ वाचता आलं, की पुस्तकातल्या चार प्रकरणांचं सार हाताला लागलं. मग कोणत्याही कारखान्याच्या लाइनवर जाऊन 'ट्रिगर कुठून, डिले किती, एक्स्पोजर किती?' हे पहिले तीन प्रश्न तुम्ही विचारा. मेगापिक्सेलचा प्रश्न चौथा.